दूरच्या दाराची किल्ली

मनुष्याने पहिले कुलूप घडविले त्याच दिवशी त्याने एक नैतिक प्रश्नही घडवून ठेवला. कुलूप काहींना आत घेते व बाकीच्यांना बाहेर ठेवते. म्हणून ज्याच्या हाती किल्ली येते त्याच्या हाती धातूच्या तुकड्याबरोबर दुसऱ्याने टाकलेला विश्वासही येतो. परगावी जाणारा घरधनी किल्ली शेजाऱ्याच्या हवाली करतो. पेढीचा मालक ती मुनिमाच्या हवाली करतो. संस्थेचे पंच ती चिटणीसाच्या हवाली करतात. अशा वेळी शेजाऱ्याला, मुनिमाला वा चिटणीसाला आत जाता येते हे उघड आहे. परंतु आत जाता येणे आणि आत जाण्याचा अधिकार असणे या दोन गोष्टी एकच होत काय? अधिकार असला तरी त्याची मर्यादा कोणती? आणि ज्याने किल्ली दिली त्याच्याशीच वितुष्ट आले, तर ती अडवून धरणे न्याय्य ठरेल काय?

हे प्रश्न जुने आहेत. ते आज नव्याने विचारण्याचे कारण असे की, गेल्या दोन-तीन दशकांत आपल्या पुष्कळशा कुलूपबंद खोल्या आपल्या डोळ्यांआड गेल्या आहेत. गोव्यातील शेतकऱ्याचा एक-चौदाचा उतारा, बेळगावकडील शेतकऱ्याची पहाणी, बडोद्याकडील सातबारा, इंदूर-ग्वाल्हेरकडील खसरा हे कागद एकेकाळी तलाठ्याच्या वा पटवाऱ्याच्या दप्तरात बांधलेले असत. दप्तर कोणाच्या ताब्यात आहे हे गावातील पोरासही ठाऊक असे. आज त्या नोंदी दूर कोठेतरी अहोरात्र चालू असणाऱ्या यंत्रांत राहतात. न्यायालयांचे निकाल, पेढ्यांच्या खतावण्या, रुग्णालयांतील रोग्यांचे कागद, आणि आपल्या मंडळांच्या व ग्रंथालयांच्या सभासदांच्या याद्याही हळूहळू तिकडेच चालल्या आहेत. अशा यंत्राला व्यवहारात सर्व्हर म्हणतात. त्याच्याशेजारी सहसा कोणी बसलेले नसते. त्याचा कारभार पाहणारा मनुष्य शेकडो कोसांवरून, आपल्या टेबलाशी बसून, त्यात प्रवेश करतो, बिघाड दुरुस्त करतो आणि निघून जातो. त्याला आत जाताना शेजारीपाजारी पाहत नाहीत. आमच्या मते याच कारणाने किल्लीचा जुना प्रश्न अधिक बिकट झाला आहे.

हा प्रवेश कसा घडतो हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे; कारण ज्या व्यवहाराचे स्वरूप आपल्याला ठाऊक नाही त्याची नीती ठरविणे म्हणजे कागद न वाचता निकाल देणे होय. प्रारंभी दूरच्या यंत्राशी संधान बांधण्यासाठी टेलनेट नावाची रीत प्रचारात होती. तीत मनुष्याचे नाव व त्याचा पासवर्ड ही दोन्ही उघड्या पोस्टकार्डासारखी तारांवरून जात. वाटेत कान देऊन बसलेल्या कोणालाही ती वाचता येत. १९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर कोणी अशाच रीतीने पासवर्ड चोरले. त्यानंतर तेथील ताटू युलोनेन या संशोधकाने एक नवी पद्धत रचली. एसएसएच या आद्याक्षरांनी ती आज जगभर ओळखली जाते. तीत सारे संभाषण गूढलिपीत चालते. शिवाय पासवर्डाऐवजी जोडकिल्लीही वापरता येते. या जोडीतील एक किल्ली जाहीर असते. ती सर्व्हरच्या दाराशी ठेवावयाची. दुसरी गुप्त असते. ती आपल्यापाशी जपावयाची. पेढीत आपल्या सहीचा नमुना असतो आणि त्यावरून धनादेशावरील सही पारखली जाते, तशातलाच हा प्रकार आहे. भेद इतकाच की नमुना पाहून सहीची नक्कल करता येते, पण जाहीर किल्लीवरून गुप्त किल्ली तयार करणे व्यवहारतः अशक्य असते. गुप्त किल्ली कधीही प्रवास करीत नाही. तिने केलेली सही तेवढी दारापर्यंत जाते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आपण दाराला आपली ओळख पटवून देतो. परंतु दारानेही आपली ओळख द्यावयाची असते. प्रथमच एखाद्या सर्व्हरशी संधान बांधू पाहणाऱ्याला त्याचे यंत्र सांगते की, समोरच्या यंत्राची खात्री आपल्याला देता येत नाही, त्याच्या किल्लीचा ठसा अमुक आहे, पुढे जावयाचे काय? खरे पाहता अशा वेळी त्या सर्व्हरच्या चालकाला दूरध्वनीवरून वा अन्य मार्गाने विचारून तो ठसा ताडून पाहिला पाहिजे. पण शेकड्यातील बहुतेक लोक डोळे मिटून होकार देतात. एकदा होकार मिळाला की ती ओळख कायमची नोंदली जाते. पुढे कधी तो ठसा बदललेला आढळला, तर यंत्र मोठ्या अक्षरांत धोक्याची सूचना देते व वाट अडविते. कारण निरुपद्रवी असू शकते. सर्व्हर नव्याने उभारला गेला असेल. कारण घातकही असू शकते. मधल्यामध्ये कोणी तोतया उभा असेल. यंत्राला या दोहोंतील भेद कळत नाही. तो माणसाने शोधावयाचा असतो, आणि घाईत असलेला माणूस जुनी नोंद पुसून टाकतो व पुढे जातो. ज्या विश्वासाच्या मुळाशी चौकशी नाही तो विश्वास नव्हे. ती सवय होय.

यावरून आम्ही नाकारलेल्या प्रवेशाच्या प्रश्नाकडे येतो. दार उघडत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्याला नकार हा एकच शब्द ठाऊक असतो. जाणत्या माणसाला नकाराचे निदान तीन प्रकार दिसतात. कधी हाक मारली तरी काहीच उत्तर येत नाही आणि वाट पाहण्याची मुदत संपते. तेव्हा पत्ता चुकला असेल, यंत्र बंद असेल, किंवा मध्ये उभारलेली संरक्षक भिंत हाक गिळून टाकीत असेल. कधी तत्काळ उत्तर येते की या दाराशी कोणी नाही. म्हणजे घर आहे, पण ज्या क्रमांकाच्या दारावर आपण थाप मारली तेथे द्वारपाल बसलेला नाही. एसएसएचचे रूढ दार बावीस क्रमांकाचे. चालकाने ते बदलले असेल, वा तेथील सेवा थांबली असेल. आणि कधी द्वारपाल हजर असतो, आपले म्हणणे ऐकतो, व तुम्हांला परवानगी नाही असे स्पष्ट सांगतो. मग नाव चुकले असेल, जाहीर किल्ली तेथे ठेवलेली नसेल, अथवा खरोखरच आपला अधिकार काढून घेतलेला असेल.

आमच्या व्यवसायातील मंडळींना हा भेद परिचयाचा वाटेल. दावा चालत नाही एवढ्यावरून पक्षकार कपाळाला हात लावतो. परंतु तो चुकीच्या न्यायालयात दाखल झाल्यामुळे चालत नाही, की मुदतीबाहेर गेल्यामुळे चालत नाही, की दावा लावण्याचा हक्कच नसल्यामुळे चालत नाही, यावर पुढचा सारा मार्ग अवलंबून असतो. पहिल्या दोन नकारांत आपल्या अधिकाराविषयी कोणी काहीच बोललेले नसते. तिसऱ्यात मात्र बोललेले असू शकते. म्हणून बंद दारापुढे उभ्या राहिलेल्या माणसाचे पहिले कर्तव्य हे की, ते का बंद आहे हे आधी समजून घ्यावे. बिघाडाने बंद झालेले दार दुरुस्त करणे ही सेवा होय. कोणी हेतुपुरस्सर बंद केलेले दार त्याच हत्यारांनी उघडणे हा अतिक्रम होय. हातांची हालचाल दोन्हीकडे सारखीच दिसते. भेद केवळ ज्ञानात व अनुमतीत असतो.

परंतु घाई ही फार मोठी मोहिनी आहे. सर्व्हरवरील प्रत्येक कागदाला तीन वर्गांच्या मुभा जोडलेल्या असतात: मालकाच्या, त्याच्या गटाच्या व इतर सर्वांच्या. वाचण्याचे चार, लिहिण्याचे दोन व चालविण्याचे एक असे अंक मानले तर पूर्ण मुभेची बेरीज सात होते. काम अडले आणि कारण सापडेना, की पुष्कळजण तिन्ही वर्गांना सात-सात-सात बहाल करून मोकळे होतात. एकाला वाट हवी होती, त्यासाठी चारी भिंती पाडल्या, असा हा उपाय आहे. काम त्या दिवसापुरते चालते. आणि रोग्याचे कागद, सभासदांचे पत्ते, हिशेबाच्या वह्या त्या यंत्रावर येणाऱ्या कोणालाही वाचावयास व खोडावयास खुल्या राहतात. ज्यांचे ते कागद असतात त्यांना याची वार्ताही नसते. दुरुस्ती करणाऱ्याला वेळ वाचल्याचा लाभ झाला. त्याची किंमत मात्र न विचारलेल्या तिऱ्हाइतांनी द्यावयाची.

नवल असे की, या बाबतीत यंत्राची शिस्त माणसाहून कडक आहे. आपली गुप्त किल्ली ज्या कागदात ठेवली तो इतरांना वाचता येण्यासारखा असेल, तर एसएसएच ती किल्ली वापरावयाचेच नाकारते. त्याचप्रमाणे सर्व्हरवरील आपले घर कोणालाही लिहिता येईल असे मोकळे टाकले असेल, तर सर्व्हर सामान्यतः तेथील जाहीर किल्ल्यांची यादी विश्वासार्ह मानीत नाही. म्हणजे सर्वांना सर्व मुभा देऊन दार उघडू पाहणारा मनुष्य कित्येकदा स्वतःच दाराबाहेर राहतो. जो आपली किल्ली जपत नाही त्याची किल्ली ही किल्लीच नव्हे, हा नियम या यंत्रांच्या रचनाकारांनी घालून ठेवला आहे. १९७५ साली जेरोम सॉल्ट्झर व मायकेल श्रोडर या दोन विद्वानांनी संगणकातील माहितीच्या संरक्षणावर एक निबंध लिहिला. त्यात त्यांनी सांगितले की, प्रत्येकाने आपल्या कामाला लागेल तेवढ्याच किमान अधिकारानिशी काम करावे. अपरिग्रहाचे तत्त्व ज्यांच्या परिचयाचे आहे अशा आमच्या वाचकांना हे सूत्र परके वाटू नये. द्रव्याचा संचय जसा टाळावयाचा, तसा अधिकाराचाही.

आता दार रीतसर उघडले आणि मनुष्य आत आला असे समजू. आत आल्यावर त्याची मर्यादा कोणती? सर्व्हरवर रूट नावाचा एक सर्वाधिकारी असतो. त्याला सामान्यतः कोणताही कागद वाचता येतो, बदलता येतो, नाहीसा करता येतो. आपण आल्यागेल्याची त्याच यंत्रावरील नोंदही पुसता येते. म्हणून सावध चालक रूटच्या नावाने सहसा वावरत नाहीत. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील बफेलोच्या विद्यापीठात सुडो नावाची एक सोय निर्माण झाली. तिच्यामुळे मनुष्य स्वतःच्या नावानेच राहतो, गरजेपुरती एखादी मोठी आज्ञा देतो, आणि ती कोणी दिली याची नोंद होते. ही सोय प्रथम वापरणाऱ्याला ती तीन उपदेश करते: इतरांच्या खाजगीपणाचा मान राखा, आज्ञा देण्यापूर्वी विचार करा, आणि मोठ्या सत्तेबरोबर मोठी जबाबदारी येते हे विसरू नका. पुष्कळ शपथविधींत याहून कमी अर्थ असतो.

एखाद्याची टपालपेटी उघडत नाही म्हणून चालक आत शिरतो. दुरुस्ती करताना पत्रे त्याच्या डोळ्यांसमोर येतात. ती वाचण्यास त्याला कोणतीही भिंत अडवीत नाही. पोस्टमनाच्या हातात तर पाकीट प्रत्यक्ष असते. परंतु ते पोचविणे हे त्याचे काम, उघडणे नव्हे, असे आपण मानतो. आपल्या स्मृतिकारांनी या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केला होता. मनूच्या अठरा व्यवहारपदांत ऋणाच्या पाठोपाठ निक्षेपाचे, म्हणजे ठेवीचे, स्थान आहे. याज्ञवल्क्याने एका विशेष ठेवीचा उल्लेख केला आहे: पेटीत घालून, आत काय आहे ते न सांगता दुसऱ्याच्या हाती सोपविलेली वस्तू. ती जशी होती तशीच परत करावयाची असा त्याचा दंडक आहे. आमच्या मते सर्व्हरचा चालक अशाच बंद ठेवीचा राखणदार होय. पेटी सुरक्षित राहिली पाहिजे, तिची कडी मोडली तर ती बसविली पाहिजे. आत काय आहे हे जाणण्याचा हक्क मात्र कडी बसविण्याच्या कामातून उत्पन्न होत नाही.

येथे कायद्याची धाव कोठे संपते हे पाहणे उद्बोधक ठरेल. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील व्हॅन ब्यूरन नावाच्या एका पोलीस सार्जंटाला वाहनांच्या नोंदी पाहण्याचा अधिकार होता. त्याने पैसे घेऊन एका स्त्रीच्या वाहनाची नोंद खाजगी माणसासाठी पाहिली. १९८६ च्या संगणकविषयक कायद्याखाली त्याला दोषी ठरविण्यात आले. परंतु ३ जून २०२१ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो निर्णय फिरविला. ज्या नोंदींपर्यंत जाण्याचा अधिकार त्याला होता त्या नोंदी त्याने वाईट हेतूने पाहिल्या, एवढ्यावरून त्या विशिष्ट कायद्याखाली अधिकाराचे उल्लंघन होत नाही, असा न्यायालयाचा निष्कर्ष होता. या निर्णयात शहाणपण आहे असे आम्हांस वाटते. अन्यथा कचेरीच्या यंत्रावर घरचे पत्र लिहिणारा कारकूनही गुन्हेगार ठरता. परंतु न्यायालयाने त्या सार्जंटाला सज्जन ठरविले असा याचा अर्थ कोणी करू नये. तो कायदा दार खुले होते की बंद एवढेच विचारतो. आत गेलेला मनुष्य काय करण्यासाठी गेला, हा प्रश्न बव्हंशी त्याच्या विवेकासाठी शिल्लक राहतो.

आपल्या कायद्यातही प्रवेशाचे मूळ अनुमती हेच आहे. १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमाच्या ५२ व्या कलमात दुसऱ्याच्या जागेत एरवी बेकायदा ठरणारे कृत्य करण्याच्या परवानगीची व्याख्या दिलेली आहे. अशी परवानगी मालकी देत नाही, आणि सामान्यतः देणाऱ्याला ती परत घेता येते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे ४३ वे कलम तेच तत्त्व संगणकाला लावते: मालकाच्या किंवा त्या यंत्राचा कारभार ज्याच्याकडे आहे त्याच्या अनुमतीवाचून प्रवेश करणारा नुकसानभरपाईस पात्र होतो, आणि तेच कृत्य अप्रामाणिकपणे वा कपटाने केल्यास ६६ व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतात. याच ४३ व्या कलमात एक उपकलम असे आहे की, ज्याला प्रवेशाचा अधिकार आहे त्याला तो नाकारणे हेही दायित्वास कारण होते. सामान्य जनांचे लक्ष या उपकलमाकडे क्वचितच जाते. चोरून आत शिरणे वाईट हे सर्वांना पटते. किल्ली घेऊन स्वस्थ बसणेही तितकेच वाईट असू शकते, हे पटावयास वेळ लागतो.

काही वर्षांपूर्वी एक तरुण आमच्याकडे सल्ल्यासाठी आला. एका शिक्षणसंस्थेच्या सर्व्हरचा कारभार तो पाहत असे. संस्थेने त्याचे कित्येक महिन्यांचे पैसे थकविले होते आणि आता त्याला दूर करून काम दुसऱ्याकडे द्यावयाचे ठरविले होते. पासवर्ड व किल्ल्या याच्याचपाशी होत्या. "वकीलसाहेब, मी काही मोडत नाही, काही चोरत नाही. पैसे येईपर्यंत फक्त पासवर्ड सांगत नाही. यात माझे काय चुकते?" असे त्याने विचारले. प्रश्न प्रामाणिक होता आणि त्याची गरज खरी होती. घरी दोन लहान मुले होती. दुर्बलाच्या हाती सारे आयुष्य जाऊन एखादेच हत्यार येते. ते खाली ठेव असे सांगणे सोपे नसते.

या प्रश्नाचे उत्तर आम्हांस आमच्याच व्यवसायात सापडते. कारागिराने वस्तूवर श्रम केले, तर मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू अडवून धरण्याचा हक्क करार कायद्याच्या १७० व्या कलमाने त्याला दिला आहे. मग वकिलाने फी मिळेपर्यंत पक्षकाराचे कागद का अडवू नयेत? हा प्रश्न भोपाळच्या एका सहकारी बँकेच्या वकिलासंबंधाने सर्वोच्च न्यायालयापुढे आला. आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या २००० सालच्या निकालात न्यायालयाने सांगितले की, पक्षकाराचे कागद म्हणजे विक्रीचा माल नव्हे. वकील बदलण्याचे स्वातंत्र्य पक्षकाराला असले पाहिजे. फीसाठी वकिलाला अन्य मार्ग खुले आहेत, पण कागद परत केलेच पाहिजेत. पासवर्डाचे प्रकरण हुबेहूब तेच नाही हे आम्ही जाणतो. तथापि त्यातील युक्तिवाद येथेही लागू पडतो. शिंप्याने अडविलेल्या कोटामुळे फक्त ऋणकोला थंडी वाजते. अडविलेल्या सर्व्हरमुळे ज्यांनी कोणाचेही काही देणे लागत नाही अशा विद्यार्थ्यांचे दाखले अडतात. आपल्या ऋणकोवर दाब आणण्यासाठी तिऱ्हाइताला ओलीस धरणे हे न्याय्य साधन होऊ शकत नाही.

आम्ही त्या तरुणाला सांगितले की, सर्व किल्ल्यांची यादी करून, साक्षीदारासमक्ष, लेखी पोच घेऊन त्या स्वाधीन कराव्यात. आपल्या किल्ल्या सर्व्हरवरून काढून टाकल्याचे संस्थेकडून लिहून घ्यावे. आणि त्याच दिवशी पैशाची नोटीस द्यावी. त्याने तसे केले. पूर्ण पैसे मिळण्यास पुढे बराच काळ लागला, हेही सांगितले पाहिजे. सचोटीने वागणाऱ्याचा हिशेब लवकर मिटतो असे आश्वासन आम्ही कोणाला देऊ शकत नाही. इतकेच म्हणू शकतो की, त्याच्या दाव्यावर कोणताही प्रतिदावा उभा राहू शकला नाही.

यावर एक बलवान आक्षेप घेतला जाईल. प्रश्न पैशाचा नसेल तर काय? किल्ली मागणारा अजाण किंवा दुष्ट असेल आणि ती देण्याने लोकांचेच नुकसान होईल असे चालकाला मनापासून वाटत असेल, तर? हा प्रसंग काल्पनिक नाही. सॅन फ्रान्सिस्को शहराच्या कारभारातील माहितीचे जाळे टेरी चाइल्ड्स नावाच्या अभियंत्याने मोठ्या कष्टाने उभारले होते. जुलै २००८ मध्ये वरिष्ठांनी पासवर्ड मागितले, तेव्हा त्याने नकार दिला. मागणारे त्या कामास लायक नाहीत, अशी त्याची धारणा होती. त्याला अटक झाली. अखेरीस त्याने तुरुंगात भेटावयास आलेल्या महापौरांना पासवर्ड सांगितले. या साऱ्या काळात ते जाळे चालूच होते. २०१० मध्ये ज्यूरीने त्याला दोषी ठरविले आणि चार वर्षांची शिक्षा झाली. त्या ज्यूरीत एक सदस्य स्वतः जाळ्यांचा अभियंता होता, ही गोष्ट लक्षणीय आहे.

चाइल्ड्सची बाजू सर्वस्वी टाकाऊ होती असे आम्हांस वाटत नाही. ज्या बैठकीत त्याला पासवर्ड विचारले गेले तेथे दूरध्वनीवरून इतरही लोक ऐकत होते. पासवर्ड इतरांना सांगू नये असा नियमही होता. त्या क्षणीचा त्याचा नकार हा कदाचित सावध राखणदाराचा नकार म्हणता येईल. परंतु त्यानंतरच्या दिवसांतील मौनाचे समर्थन त्याच कारणाने होत नाही. योग्य जागी, योग्य माणसाला, योग्य रीतीने किल्ली देतो असे म्हणणे निराळे. आणि योग्य माणूस कोण हे केवळ मीच ठरविणार असे म्हणणे निराळे. पहिल्यात तो विश्वस्त राहतो. दुसऱ्यात तो मालक बनतो. चालकाला अन्यायाचे काम करावयास सांगितले तर त्याने ते करू नये. धोका दिसला तर वरिष्ठांना, त्यांच्याहून वरिष्ठांना व कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्यांना लेखी कळवावे. मन साक्ष देत नसेल तर राजीनामा द्यावा. हे मार्ग कष्टाचे आहेत व त्यांत यश निश्चित नाही. परंतु त्यांत त्याचे म्हणणे कोणालातरी तपासता येते. किल्ली दाबून बसणाऱ्याचे म्हणणे कोणालाच तपासता येत नाही, आणि स्वतःखेरीज सारे अपात्र आहेत असे ज्याला वाटू लागले त्याच्या कौशल्यापासूनच लोकांना भय उत्पन्न होते.

मात्र सारा बोजा नोकराच्या माथी टाकून मालकाने निर्दोष म्हणून मिरवावे, हे आम्हांस मान्य नाही. सर्व किल्ल्या एकाच हाती कोणी जाऊ दिल्या? सरकारी तिजोऱ्यांत दुहेरी कुलूप असते. कोषागार अधिकारी व खजिनदार या दोघांनी आपापली किल्ली लावल्यावाचून दार उघडत नाही. पेढीतील लॉकरही ग्राहकाच्या व पेढीच्या अशा दोन किल्ल्यांनी उघडतो. सॉल्ट्झर व श्रोडर यांनीही आपल्या निबंधात दोन किल्ल्यांच्या कुलपाचा हाच गुण वाखाणला आहे. असे असता आपल्या कित्येक संस्था सभासदांचे आयुष्यभराचे कागद एका पगारदाराच्या वा एका उत्साही स्वयंसेवकाच्या स्मरणावर सोडून देतात. त्याला वेळेवर पैसे देत नाहीत, त्याने मागितलेला मदतनीस देत नाहीत, तो आजारी पडला तर काय याचा विचार करीत नाहीत. आणि तो गेल्यावर सहा महिने त्याची किल्ली सर्व्हरवर तशीच राहते. पुढे काही अनर्थ झाला की विश्वासघात झाला म्हणून ओरड होते. विश्वास टाकणे हेही एक कर्तव्य आहे आणि तेही नीट पार पाडावे लागते. प्रत्येकाला स्वतःच्या नावाची किल्ली असावी. निदान दोन जबाबदार माणसांना वाट ठाऊक असावी. आल्यागेल्याची नोंद, येणाऱ्याला पुसता येणार नाही अशा जागी, राहावी. आणि ज्या दिवशी मनुष्य काम सोडतो त्याच दिवशी त्याची किल्ली बाद व्हावी. या नोंदी म्हणजे संशय नव्हे. उद्या खोटा आळ आला तर प्रामाणिक चालकाची पहिली साक्षीदार ती नोंदच असते.

तेव्हा आमचा निष्कर्ष असा. दूरच्या दाराची किल्ली बाळगणारा मनुष्य त्या घराचा धनी नव्हे, आणि तो निव्वळ हत्यारही नव्हे. तो ठेवीचा राखणदार होय. दार बंद दिसले तर ते का बंद आहे हे शोधणे, आत गेल्यावर कामापुरतेच पाहणे, आणि मागितल्यावर किल्ली रीतसर परत करणे, ही त्याची तीन कर्तव्ये होत. कायदा यांतील पहिल्या व शेवटच्या कर्तव्याची काही अंशी राखण करतो. मधले कर्तव्य मात्र त्या एकट्या माणसाच्या स्वाधीन असते. दूर कोठेतरी चालू असलेल्या यंत्रात आपल्या जमिनीचा उतारा आहे, आपल्या आजाराची कहाणी आहे, आपल्या वडिलांच्या नावाची नोंद आहे. आणि ती पाहता येत असूनही न पाहणारा कोणी मनुष्य तेथे येऊन आपले काम करून निघून जातो. त्याचे नाव आपल्याला कधी कळत नाही. त्याच्या या संयमावर आपण रोज विसंबतो, हे ओळखून त्याला त्याचे वेतन वेळेवर द्यावे आणि त्याच्या किल्लीची नोंद ठेवावी, एवढे तरी आपल्या हाती आहे.